रिलेशनल डेटाबेस: टेबलातली प्रत्येक ओळ म्हणजे एक विधान

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. एका ग्रंथालयाची देवघेव तुम्ही गेली काही वर्षं एकाच एक्सेल शीटमध्ये ठेवत आहात. सभासदाचं नाव, फोन, ग्रंथाचं नाव, लेखक, दाखल क्रमांक (म्हणजे प्रत्येक प्रतीला दिलेला वेगळा क्रमांक), नेल्याची तारीख, परतीची तारीख, सगळं एकाच ओळीत. आता ते डेटाबेसमध्ये न्यायचं आहे, म्हणून रिलेशनल मॉडेल वाचायला घेतलंत, पण व्याख्या पाठ होऊनही काही उलगडेना. तुम्ही विचारलेल्या गोष्टी चार. टेबलं एकमेकांशी जोडलेली असतात म्हणून 'रिलेशनल' म्हणायचं का? सभासदाचा फोन नंबर प्रायमरी की, म्हणजे ओळ ओळखण्याची मुख्य खूण, म्हणून चालेल का? एका मोठ्या टेबलाची पाच छोटी टेबलं करून काय मिळतं? आणि रिकाम्या जागी नल, म्हणजे 'इथे मूल्य नाही' अशी खूण, ठेवावा का?

या चारही प्रश्नांचं मूळ एकच आहे आणि ते पहिल्या प्रश्नात आहे, म्हणून तिथे जास्त वेळ थांबते.

'रिलेशनल' या शब्दाचा टेबलं जोडण्याशी काही संबंध नाही. हा गैरसमज इतका मुरलेला आहे की वर्षानुवर्षं डेटाबेसवर काम करणारी माणसंही तसंच सांगतात. रिलेशन हा गणितातला शब्द आहे. ज्याला आपण टेबल म्हणतो, ते टेबल म्हणजेच रिलेशन. डेटाबेसमध्ये एकच टेबल असलं तरी तो रिलेशनल असू शकतो.

हे तुमच्याच उदाहरणावर बघू. समजा ५०० सभासद आहेत, ग्रंथांच्या ८,००० प्रती आहेत आणि वर्षाचे ३६५ दिवस. 'कोणी, कोणती प्रत, कोणत्या दिवशी' अशा जितक्या तिकड्या कागदावर शक्य आहेत, त्या सगळ्या लिहून काढल्या तर त्या भरतात १४६ कोटी. यातल्या बहुतेक कधी घडल्याच नाहीत. खरोखर घडल्या त्या काही हजार. त्या काही हजार तिकड्यांचा संच म्हणजे रिलेशन. अफाट शक्यतांमधून ज्या खऱ्या ठरल्या तेवढ्या वेगळ्या काढून ठेवल्या, इतकंच. त्यातल्या एकेका तिकडीला टपल म्हणतात, म्हणजे आपली ओळ. सभासद, प्रत, तारीख ही ॲट्रिब्यूटं, म्हणजे आपले कॉलम. आणि प्रत्येक कॉलममध्ये कोणती मूल्यं बसू शकतात तो त्याचा डोमेन.

आता यापुढचं एक वाक्य नीट मनात उतरू द्या, बाकी सगळं त्यातूनच निघतं. टेबल म्हणजे गाळलेल्या जागा असलेलं एक वाक्य, आणि ओळ म्हणजे त्या जागा भरून केलेलं एक खरं विधान.

तुमच्या देवघेवीच्या टेबलाचं वाक्य असं: 'सभासद अमुक याने प्रत अमुक ही अमुक तारखेला नेली.' ओळीत १०७, २३४१, ३ जून २०२४ असं असेल तर डेटाबेस म्हणतोय की सभासद १०७ ने प्रत २३४१ ही ३ जून २०२४ रोजी नेली. ती ओळ टेबलात नसेल तर डेटाबेसच्या मते ते घडलेलं नाही. मी नवीन टेबल करायला बसले की आधी त्याचं वाक्य कागदावर लिहिते. वाक्य जमत नसेल, किंवा 'आणि', 'किंवा कधीकधी' असे सांधे लावावे लागत असतील, तर टेबल चुकलेलं असतं. आजवर ही कसोटी मला एकदाही फसलेली आठवत नाही.

पुस्तकातले जे नियम कोरडे वाटतात ते या वाक्यावरून आपोआप येतात. एकच ओळ दोनदा का नको? कारण खरं विधान दोनदा उच्चारल्याने जास्त खरं होत नाही. ओळींना क्रम का नाही? कारण खऱ्या गोष्टींच्या संचाला पहिली-दुसरी असं काही नसतं. कॉलम क्रमाने नाही तर नावाने का ओळखायचे? कारण वाक्यातली जागा तिच्या अर्थाने ठरते, डावीकडून कितवी यावरून नाही.

क्रमाचा मुद्दा वाचताना किरकोळ वाटतो, कामात मात्र तो चांगलाच नडतो. एका संस्थेत रोजच्या नोंदींचा अहवाल काढणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, होती. त्यात ऑर्डर बाय, म्हणजे क्रम लावण्याची सूचना, लिहिलेलंच नव्हतं, तरी नोंदी कायम तारखेच्या क्रमाने येत, म्हणून कोणाला शंका आली नाही. पुढचा प्रोग्रॅम 'शेवटची ओळ म्हणजे ताजी नोंद' असं धरून चालत होता. डेटाबेसची आवृत्ती बदलली, आतून टेबल वाचण्याची पद्धत बदलली, आणि एके सकाळी शेवटच्या ओळीत भलतीच जुनी नोंद आली. चूक डेटाबेसची नव्हती. क्रमाचं वचन त्याने कधी दिलंच नव्हतं. क्रम हवा असेल तर तो दरवेळी मागून घ्यावा लागतो.

हे मॉडेल कशासाठी आलं तेही सांगते, कारण तो इतिहास कळला की त्याची किंमत कळते. एडगर कॉड हा ऑक्सफर्डला गणित शिकलेला माणूस, आयबीएमच्या सॅन होजे इथल्या संशोधन प्रयोगशाळेत काम करणारा. त्याने जून १९७० मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकात हे मॉडेल मांडलं. त्या काळी डेटा एकतर झाडासारखा रचलेला असे, जसा आयबीएमच्याच आयएमएस या डेटाबेसमध्ये, नाहीतर जाळ्यासारखा, एका नोंदीतून दुसरीकडे बोट दाखवणाऱ्या दुव्यांनी विणलेला. माहिती काढायची तर प्रोग्रॅमरला त्या दुव्यांवरून एकेक पाऊल टाकत जावं लागे. जाळीदार पद्धतीचा प्रणेता चार्ल्स बाखमन याने ट्युरिंग या संगणकशास्त्रातल्या मानाच्या पुरस्काराच्या १९७३ च्या भाषणात प्रोग्रॅमरला नाविकाची उपमा दिली, ती याच अर्थाने.

कॉडचं म्हणणं होतं की यात प्रोग्रॅम डेटाच्या साठवणीला बांधला जातो. त्याने तीन बंधनं नावानिशी दाखवली: नोंदी कोणत्या क्रमाने ठेवल्यात यावर अवलंबून राहणं, कोणते इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेल्या सूची) आहेत यावर अवलंबून राहणं, आणि कोणत्या वाटेने नोंदीपर्यंत पोचायचं यावर अवलंबून राहणं. साठवण बदलली की प्रोग्रॅम मोडला. त्याचा उपाय असा की वापरणाऱ्याला फक्त रिलेशनं दिसावीत, म्हणजे नुसती खरी विधानं. ती डिस्कवर कशी ठेवायची आणि कोणत्या वाटेने शोधायची हे यंत्रणेने आपलं आपण बघावं.

आज तुम्ही एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत 'जून महिन्यात ज्यांनी पाचहून अधिक प्रती नेल्या ते सभासद' एवढंच मागता, कसं शोधायचं ते सांगत नाही. उद्या तारखेवर इंडेक्स घातला तर तीच क्वेरी, एक अक्षर न बदलता, बहुधा वेगाने चालेल. इंडेक्स काढून टाकला तर सावकाश चालेल, पण उत्तर तेच देईल. उत्तर आणि वेग यांची ही फारकत हीच कॉडची देणगी. १९७० च्या दशकात ती खरोखर चालवून दाखवणारे दोन मोठे प्रकल्प झाले, आयबीएममध्ये सिस्टिम आर आणि बर्कलेला इंग्रेस. सिस्टिम आरसाठी डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये सीक्वेल नावाची भाषा मांडली, तीच आजची एसक्यूएल. कॉडला १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला आणि १९८६ मध्ये एसक्यूएलचं पहिलं अमेरिकी मानक आलं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: एसक्यूएल म्हणजे रिलेशनल मॉडेल नाही. ते मॉडेलच्या जवळ जातं, पण तंतोतंत पाळत नाही. की न सांगता टेबल केलंत तर एसक्यूएल त्यात एकच ओळ दहा वेळा घालू देतं. क्वेरीच्या उत्तरातही एकसारख्या ओळी येऊ देतं, डिस्टिंक्ट लिहाल तेव्हाच त्या गळतात. म्हणून मॉडेल आधी समजून घ्यायचं आणि मग एसक्यूएल त्या शिस्तीने वापरायचं.

आता फोन नंबरचा प्रश्न.

की म्हणजे असा एक कॉलम किंवा काही कॉलमांचा गट, ज्याच्या मूल्यावरून टेबलातली जास्तीत जास्त एकच ओळ ठरते, आणि त्या गटातला एकही कॉलम वगळून चालत नाही. टेबलात अशा कँडिडेट की एकाहून जास्त असू शकतात. त्यातली एक आपण मुख्य म्हणून निवडतो, ती प्रायमरी की. निवड सोयीची असते. कँडिडेट की कोणत्या आहेत हे मात्र सोयीचं नाही, ते प्रत्यक्ष व्यवहारातल्या नियमांवरून ठरतं. आणि इथेच लोक घसरतात. आजच्या शीटमध्ये फोन नंबर कुठे दोनदा आलेला नाही, म्हणून तो की आहे, असं म्हणता येत नाही. प्रश्न 'आज दोनदा आलाय का' हा नसून 'कधी येऊ शकतो का' हा आहे.

एका रुग्णनोंदणीच्या कामात आधीच्या लोकांनी मोबाइल नंबर प्रायमरी की केला होता. आम्ही ते काम हाती घेतलं तेव्हा एका बाईंच्या नावावर दोन वेगवेगळे रक्तगट दिसत होते. शोध घेतला तर आई आणि मुलगी, घरात मिळून एकच फोन. मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा खिडकीवरच्या माणसाने नंबर टाकला, आईची ओळ उघडली, आणि त्याने तिथेच नाव आणि वय बदलून पुढचं काम केलं. दोन माणसं एका ओळीत मिसळली. ती वेगळी करायला जुने कागद काढून बसावं लागलं. त्यापुढे कितीही ओळखीचा आणि सोपा वाटला तरी फोन नंबर मी की म्हणून वापरलेला नाही. नंबर बदलतो, तो घरात वाटून वापरला जातो, आणि बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते. कीमध्ये जे जे नको ते सगळं त्यात आहे.

म्हणून सभासदाला तुमचा स्वतःचा सभासद क्रमांक द्या. त्यात अर्थ कोंबू नका. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचा वर्गणीच्या प्रकाराचा, असं केलं की प्रकार बदलल्यावर क्रमांक बदलायची पाळी येते, आणि बदलणारी की ही सर्वांत महाग की. पण उलट टोकालाही जाऊ नका. हल्ली प्रत्येक टेबलाला आपोआप वाढणारा एक आयडी चिकटवला की कीचा विचार संपला असं मानतात. नुसता आयडी काहीच अडवत नाही. एकच ग्रंथ तीन वेगवेगळे आयडी घेऊन तीनदा आत येतो आणि डेटाबेस तक्रार करत नाही. आयडी ठेवा, पण खरी की शोधून तिच्यावर युनिकचं, म्हणजे तेच मूल्य पुन्हा येऊ न देणारं, बंधन घालाच.

देवघेवीच्या टेबलाची की काढून बघा, सराव म्हणून फार चांगली आहे. पहिला विचार येतो: प्रत आणि नेल्याची तारीख. पण सकाळी परत आलेली प्रत त्याच दिवशी संध्याकाळी दुसरा सभासद नेऊ शकतो का? हो, तर ही की चुकली. तारखेऐवजी दिवस आणि वेळ दोन्ही घेतले तर चालेल, कारण एकच प्रत एकाच क्षणी दोघांच्या हातात जात नाही. मग सभासद क्रमांक कीमध्ये हवा का? नको, कारण प्रत आणि वेळ कळली की सभासद ठरतोच. या पाच मिनिटांच्या विचारात ग्रंथालयाचा एक नियम तुमच्या हाती लागला. चांगली की नेहमी अशीच सापडते, काउंटरवर बसणाऱ्या माणसाला प्रश्न विचारून.

फॉरेन कीबद्दल थोडक्यात, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या कीचं मूल्य ठेवणाऱ्या कॉलमबद्दल. तिला दोन टेबलांमधली तार समजू नका. ती एक वचन आहे: 'देवघेवीत जो सभासद क्रमांक येईल तो सभासद टेबलात असेलच.' जॉईन करायला, म्हणजे दोन टेबलांच्या जुळणाऱ्या ओळी एकत्र आणायला, फॉरेन की लागत नाही. अर्थ जुळत असेल तर कोणत्याही दोन कॉलमांवर जॉईन करता येतं. फॉरेन कीचं काम पहारा देण्याचं. नसलेल्या सभासदाच्या नावावर प्रत जाऊ देत नाही, आणि ज्याच्या नावावर नोंदी आहेत तो सभासद गुपचूप पुसू देत नाही. सभासदाने सदस्यत्व सोडलं तर ओळ पुसू नका, सोडल्याची तारीख नोंदवा. त्याने तीन वर्षांपूर्वी ग्रंथ नेला होता हे विधान तो गेल्यावरही खरंच राहतं. आणि एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरणार असाल तर एवढं लक्षात असू द्या की त्यात फॉरेन कीची तपासणी मुळात बंद असते, प्रत्येक कनेक्शनला ती चालू करून घ्यावी लागते. वचन लिहून ठेवलंय आणि पहारेकरी मात्र जागेवर नाही, असं झालेलं मी अनेकदा पाहिलंय.

आता पाच टेबलं कशाला, या प्रश्नाकडे. तुमच्या शीटच्या चार ओळी अशा दिसत असणार:

प्रत | ग्रंथ | लेखक | सभासद | नाव | नेली | परत
२३४१ | ग्रंथ क | प, फ | १०७ | सुनंदा | ३ जून | १२ जून
२३४२ | ग्रंथ क | प आणि फ | ११५ | मकरंद | ४ जून |
२३४१ | ग्रंथ क | फ, प | १०७ | सुनन्दा | २० जून | १ जुलै
३०१० | ग्रंथ ख | ब | १३० | रेवती | २१ जून |

टेबलाचं वाक्य लिहायला घ्या. 'प्रत अमुक ही ग्रंथ अमुकची आहे, आणि त्याचे लेखक अमुक आहेत, आणि सभासद अमुकचं नाव अमुक आहे, आणि त्याने ती प्रत अमुक दिवशी नेली, आणि अमुक दिवशी परत केली.' एका ओळीत पाच विधानं आहेत. प्रत नेण्याच्या प्रत्येक वेळी पहिली तीन पुन्हा उच्चारली जातात, आणि पुन्हा पुन्हा उच्चारलेलं विधान कधीतरी वेगळं उच्चारलं जातंच. १०७ चं नाव सुनंदा की सुनन्दा? डेटाबेस दोन्ही खरं म्हणतोय.

त्रास तेवढ्यावर थांबत नाही. नवा ग्रंथ आला पण अजून कोणी नेला नाही, तर तो लिहायचा कुठे? नेणारा नाही म्हणजे ओळच नाही. आणि रेवतीची नोंद चुकून झाली म्हणून शेवटची ओळ पुसली, तर ग्रंथ ख चे लेखक ब आहेत ही माहितीही तिच्याबरोबर गेली, कारण ती दुसरीकडे कुठे लिहिलेलीच नव्हती. एका गोष्टीची नोंद दुसऱ्या गोष्टीच्या नोंदीवर विसंबून राहिली की बदलताना, घालताना आणि पुसताना असे तिन्हीकडून फटके बसतात.

हे सोडवण्याचं साधन म्हणजे फंक्शनल डिपेंडन्सी. नाव बोजड आहे, कल्पना मात्र 'हे कळलं की ते ठरलं' एवढीच. दाखल क्रमांक कळला की ग्रंथ ठरतो. सभासद क्रमांक कळला की नाव ठरतं. प्रत आणि नेल्याची वेळ कळली की सभासद आणि परतीची तारीख ठरते. जे ज्याच्यावरून ठरतं ते त्याच्याच टेबलात ठेवायचं. झालं नॉर्मलायझेशन. कॉडने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सांगितलेले पहिला, दुसरा, तिसरा नॉर्मल फॉर्म आणि पुढे आलेला बॉइस-कॉड नॉर्मल फॉर्म ही याच विचाराची पायरीपायरीने कडक होत गेलेली रूपं आहेत. दुसरा फॉर्म सांगतो की कीच्या एका तुकड्यावरूनच ठरणारी गोष्ट इथे नको. तिसरा सांगतो की कीऐवजी दुसऱ्याच साध्या कॉलमवरून ठरणारी गोष्ट इथे नको. बॉइस-कॉड तर म्हणतो की ज्याच्यावरून काही ठरतं ते की म्हणण्याजोगं असलंच पाहिजे. परीक्षेसाठी क्रमांक पाठ करा, कामासाठी 'कशावरून काय ठरतं' याची यादी करा.

लेखकाच्या कॉलमकडे पुन्हा बघा: 'प, फ', 'प आणि फ', 'फ, प'. एका खणात दोन मूल्यं. पहिला नॉर्मल फॉर्म याला मनाई करतो. फ चे सगळे ग्रंथ शोधायला निघालात की त्या मनाईचं कारण कळतं. अक्षरांत अक्षरं शोधत बसावं लागतं, आणि फ हे अक्षर नावात असलेला तिसराच लेखकही उत्तरात येतो. इथे विधान एक नाही, दोन आहेत: 'प ने ग्रंथ क लिहिला', 'फ ने ग्रंथ क लिहिला'. म्हणून त्यांचं वेगळं टेबल, दोन ओळी. काहींना लेखक १ आणि लेखक २ असे दोन कॉलम करायचा मोह होतो. तिसरा लेखक येईपर्यंतच तो टिकतो.

एक अपवादासारखी दिसणारी गोष्ट. ग्रंथ किती दिवसांसाठी देतात हे ठरलेलं असेल, तर परतीची मुदत नेल्याच्या तारखेवरून काढता येते, मग ती का साठवायची? कारण मुदतीचा नियम उद्या बदलू शकतो, आणि 'त्या दिवशी सभासदाला अमुक तारीख सांगितली होती' हे स्वतंत्र विधान आहे. नियम बदलला तरी तेव्हा सांगितलेली तारीख बदलत नाही. वरवर पुनरुक्ती वाटणारी प्रत्येक गोष्ट पुनरुक्ती नसते. वाक्य लिहून बघितलं की फरक कळतो.

डोमेनबद्दलही थोडं. सभासद क्रमांक आणि दाखल क्रमांक दोन्ही पूर्णांक आहेत म्हणून त्यांची एकमेकांशी तुलना करण्यात अर्थ नाही, पण एसक्यूएल ती करू देतं आणि उत्तरही देतं. फोन नंबर तर संख्याच नाही. त्याची बेरीज कोणी करत नाही आणि सुरुवातीचं शून्य त्यात महत्त्वाचं असतं. तो मजकूर म्हणून ठेवा.

राहिला नल. परतीची तारीख रिकामी आहे, याचा अर्थ काय? प्रत अजून परत आलेली नाही? की आली, पण तारीख लिहायची राहिली? की प्रत हरवली? रिकामी जागा या तिन्हींमध्ये फरक करत नाही. गाळलेली जागा गाळलेलीच राहिली तर ते विधान पुरंच झालं नाही, हे आपल्या वाक्यावरून लगेच दिसतं. म्हणूनच नलवर या क्षेत्रात मोठा वाद आहे. कॉडने नलला मॉडेलमध्ये जागा दिली आणि त्याचाच सहकारी ख्रिस डेट याने वर्षानुवर्षं त्याला विरोध केला.

वाद बाजूला ठेवा, व्यवहारात काय होतं ते बघा. नल आला की तर्क दोन मूल्यांचा राहत नाही. खरं, खोटं आणि 'माहीत नाही' अशी तीन मूल्यं होतात. व्हेअर, म्हणजे क्वेरीतली अट, फक्त खरं ठरलेल्या ओळी ठेवतं, 'माहीत नाही' वाल्या टाकून देतं. एकदा आम्हाला 'ज्यांनी एकही वस्तू नेलेली नाही असे सभासद' हवे होते. क्वेरी सरळ होती: ज्यांचा क्रमांक देवघेवीतल्या क्रमांकांमध्ये नाही, नॉट इन वापरून. उत्तरात शून्य ओळी. सगळे समाधानी, सभासद किती उत्साही आहेत म्हणून. खरं असं होतं की देवघेवीच्या हजारो ओळींपैकी एका ओळीत सभासद क्रमांक नल होता. आता सभासद ११५ त्या यादीत नाही असं यंत्रणा ठामपणे कसं म्हणेल? तो नल ११५ असूही शकतो. म्हणून प्रत्येक सभासदासाठी उत्तर एकतर 'यादीत आहे' किंवा 'माहीत नाही', आणि सगळेच गळले. एका रिकाम्या खणाने अख्खा अहवाल पुसला, आणि कुठे एररही नाही.

माझं मत असं: प्रत्येक कॉलम नॉट नल, म्हणजे रिकामा ठेवता न येणारा, करून सुरुवात करा आणि सूट मागणाऱ्या कॉलमकडून कारण घ्या. अशा शोधासाठी नॉट इन टाळून नॉट एक्झिस्ट्स ('अशी ओळच नाही ना' असं तपासणारी अट) वापरा. परतीच्या तारखेला मी सहसा सूट देते, पण तिचा एकच अर्थ लिहून ठरवते: रिकामी म्हणजे प्रत अजून बाहेर आहे. हरवलेल्या प्रतींचं वेगळं टेबल. जास्त काटेकोर व्हायचं असेल तर परतीचंही वेगळं टेबल करा, मग नलची गरजच उरत नाही.

हा एकच अर्थ ठरवल्याने आणखी एक नियम डेटाबेसलाच सांगता येतो: एक प्रत एका वेळी एकाकडेच. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आणि एसक्यूलाइटमध्ये टेबलाच्या काही ओळींपुरतं युनिक बंधन घालता येतं. 'परतीची तारीख रिकामी असलेल्या ओळींमध्ये दाखल क्रमांक पुन्हा येऊ नये' असं सांगितलं की काम झालं. हाच नियम प्रोग्रॅममध्ये 'आधी बघ, मग लिही' असा तपासला तर दोन काउंटरवरून एकाच क्षणी आलेल्या दोन नोंदी दोन्ही आत शिरू शकतात, कारण दोघांनीही बघितलं तेव्हा जागा मोकळीच होती. जो नियम कायम खरा राहायला हवा तो डेटाच्या शेजारी राहावा.

टेबलं तोडल्यावर सगळं पुन्हा एकत्र कसं बघायचं, ही भीती मनातून काढा. जॉईन त्यासाठीच आहे. रिलेशनल मॉडेलमध्ये ओळी गाळणं, कॉलम निवडणं, जॉईन, दोन रिलेशनांच्या ओळी एकत्र करणं, एकातून दुसऱ्याच्या ओळी वजा करणं, यातली प्रत्येक क्रिया रिलेशन घेते आणि रिलेशनच परत देते. म्हणून एका क्वेरीचं उत्तर दुसरीला खाऊ घालता येतं, आणि तुमचं जुनं रुंद शीट व्ह्यू, म्हणजे नाव देऊन ठेवलेली क्वेरी, म्हणून जसंच्या तसं पुन्हा उभं करता येतं. फरक इतकाच की आता तो नुसता आरसा आहे, मूळ विधानं एकेकदाच लिहिलेली आहेत.

तर तुमची टेबलं अशी होतील. सभासद: 'सभासद क्रमांक अमुकचं नाव अमुक आहे, फोन अमुक आहे.' ग्रंथ: 'ग्रंथ अमुकचं शीर्षक अमुक आहे.' लेखन: 'अमुक लेखकाने अमुक ग्रंथ लिहिला.' प्रत: 'दाखल क्रमांक अमुक ही अमुक ग्रंथाची प्रत आहे.' देवघेव: 'अमुक प्रत अमुक वेळी अमुक सभासदाने नेली, परत अमुक दिवशी केली.'

शीटमधला डेटा थेट यात ओतू नका. आधी सगळे कॉलम मजकूर असलेलं, कोणतंही बंधन नसलेलं एक कच्चं टेबल करा आणि शीट तिथे जशीच्या तशी उतरवा. मग सभासद आणि ग्रंथ भरा, त्यानंतर लेखन आणि प्रत, सर्वांत शेवटी देवघेव, कारण फॉरेन कीचं वचन पाळायला आधी समोरची ओळ असावी लागते. वाटेत डेटाबेस बऱ्याच ओळी नाकारेल. एका क्रमांकाची दोन नावं, नसलेला दाखल क्रमांक, एकाच वेळी दोघांकडे गेलेली प्रत. अशा वेळी बंधनं तात्पुरती उठवून पुढे जायचा सल्ला तुम्हाला मिळेल, तो ऐकू नका. नाकारलेल्या ओळी वेगळ्या टेबलात काढा, शेजारी नाकारण्याचं कारण लिहा, आणि ती यादी छापून देवघेव सांभाळणाऱ्या माणसाकडे घेऊन जा. १०७ ची सुनंदा एकच आहे की दोघी, हे फक्त तिथेच कळेल.